दिव्यानं डोळा मिचकावला, तेव्हा...

मुलांनो, पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ आठवा बरं. बाहेर धो धो पाऊस पडतोय. तुम्ही गृहपाठाला बसलाय. लांब कुठंतरी वीज कडाडते आणि घरातला दिवा एकदम मंद होतो. "गेली, गेली!" असं तुम्ही ओरडायच्या आत तो पुन्हा लख्ख! जणू दिव्यानं तुमच्याकडे बघून डोळा मिचकावला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गात अगदी असंच झालं. भरदुपारी अंधारून आलं होतं, म्हणून ट्यूब लावल्या होत्या. आमच्या शाळेच्या मागच्या माळावरून उंच उंच लोखंडी मनोरे जातात. त्या बाजूला मोठा कडकडाट झाला, ट्यूब मिचकल्या आणि पुन्हा नीट झाल्या. चौथीतली एक चुणचुणीत मुलगी लगेच उभी राहिली.

"बाई, लाइट जायचीच होती, तर गेली का नाही? आणि गेली असेल, तर इतक्यात परत कुणी आणली? एवढ्या पावसात वायरमनकाका खांबावर चढले?"

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. डी.एड.च्या अभ्यासात हे काही नव्हतं. पण माझे मामा वीज उपकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेत. रविवारी मी सरळ त्यांच्याकडे गेले. मामांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझ्या मुलीनं लाखातला प्रश्न विचारलाय. अगं, दिवा मिचकला तेवढ्या वेळात एका पहारेकऱ्यानं दुखणं ओळखलं, दुखरी तार बाजूला काढली आणि बाकीचं जाळं वाचवलं. त्या पहारेकऱ्याचं नाव रिले."

चला तर, या पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ.

डोकं रिलेचं, हात ब्रेकरचा

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. पण ती जिथं तयार होते ती केंद्रं शेकडो किलोमीटर लांब असतात. तिथून ती मनोऱ्यांवरच्या जाड तारांतून १ लाख ३२ हजार, २ लाख २० हजार, ४ लाख व्होल्ट अशा प्रचंड दाबानं येते. या तारांना उच्चदाब वाहिन्या म्हणतात. सगळ्या वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. कोळ्याचं जाळं असतं ना, तसंच.

वाहिनीवर आकाशातली वीज पडली, की तारेवरून मनोऱ्यावर मोठी ठिणगी उडी मारते. तारेतला प्रवाह ठरलेली वाट सोडून मनोऱ्यातून जमिनीत धावू लागतो. यालाच इंजिनियर लोक 'फॉल्ट' म्हणतात. आपण दोष म्हणू. तेवढ्या वेळात आसपासच्या सगळ्या भागातला दाब खाली येतो, म्हणून आपला दिवा मंद होतो.

हा दोष तसाच राहिला तर? यंत्रं जळतील, तारा वितळतील. आणि त्याहून वाईट म्हणजे वीजकेंद्रांतली जनित्रं चुकतील. तुम्ही शाळेत लेझीम खेळता ना? सगळ्यांचं पाऊल एकदम पडावं लागतं. एकाचं चुकलं, की शेजारच्याचं चुकतं आणि मग सगळी रांग कोलमडते. जाळ्यातली सगळी जनित्रंही अशीच एका तालावर फिरत असतात.

म्हणून दोष चटकन तोडावा लागतो. किती चटकन? आपल्या देशातल्या ४ लाख व्होल्टच्या वाहिन्यांसाठी १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा फक्त दहावा भाग! पापणी लवायलासुद्धा बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

इतक्या थोड्या वेळात माणूस काय करणार? म्हणून वाहिनीच्या दोन्ही टोकांना, उपकेंद्रांत, रिले बसवलेले असतात. रिले म्हणजे ठरवणारं डोकं. दोष आहे असं त्याला वाटलं, की तो सर्किट ब्रेकरला हुकूम सोडतो. ब्रेकर म्हणजे एक अवाढव्य स्विच. तो वाहिनी तोडतो. वाहिनीतली वीज बंद झाली, की हवेतली ठिणगी विझते. मग साधारण एका सेकंदानं ब्रेकर आपोआप पुन्हा जोडला जातो. तोवर आपल्याला जाळ्यातल्या दुसऱ्या वाहिन्यांतून वीज मिळत राहते.

म्हणजे आमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. वायरमनकाकांना चढावं लागलं नव्हतं! (दर वेळी दिवा याच कारणानं मिचकतो असं मात्र नाही हं. कधी गावातल्याच एखाद्या तारेला फांदी घासलेली असते.)

तीन पहारेकरी

आता उरलेलं अर्धं. दोष आहे हे रिलेला कळतं कसं?

रिलेला डोळे नाहीत. त्याला ना मनोरा दिसतो, ना ठिणगी. त्याला कळतो तो फक्त तारेतला प्रवाह. तोही थेट नाही. तारेभोवती बसवलेलं 'सीटी' नावाचं उपकरण प्रवाहाची छोटीशी नक्कल करून रिलेकडे पाठवतं. तारेत हजार अँपिअर असतील, तर रिलेकडे एकच अँपिअर. काही रिलेंना याशिवाय तारेतला दाबही कळवलेला असतो.

पहिला पहारेकरी अगदी साधा. तो एकच प्रश्न विचारतो, "प्रवाह किती?" ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त झाला, की तोड! तुमच्या घरातला फ्यूज हाच याचा धाकटा भाऊ. गावातल्या तारांवर याचं काम छान चालतं. पण मोठ्या जाळ्यात त्याची पंचाईत होते. सणासुदीच्या संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले, की नुसत्या वापरानंच प्रवाह वाढतो. उलट मध्यरात्री थोडीच जनित्रं चालू असताना लांब कुठं दोष झाला, तर प्रवाह फारसा वाढतच नाही. नुसत्या गर्दीवरून भांडण आहे की जत्रा, हे कसं ओळखायचं?

दुसरा पहारेकरी हुशार. तो प्रवाह आणि दाब दोन्ही पाहतो आणि त्यांचा भागाकार करून दोष किती किलोमीटरवर आहे याचा अंदाज बांधतो. जगातल्या बहुतेक मोठ्या वाहिन्यांवर हा असतो. शिवाय तो शेजारच्या वाहिनीवरही नजर ठेवतो. तिथला पहारेकरी झोपला, तर थोडं थांबून हा धावून जातो. पण कधी कधी हाच फसतो. प्रवाह खूप वाढला आणि दाबही उतरला, तर भागाकार इतका लहान येतो, की दोष नसतानाही त्याला दोष वाटतो.

पहारेकरी फसला तर काय होतं, ते ऐका.

९ नोव्हेंबर १९६५. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतातल्या एका जलविद्युत केंद्रात संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास एका रिलेनं एक वाहिनी तोडली. वाहिनीत दोष नव्हता. रिलेचा आकडा १९६३ साली ठरवलेला होता आणि त्यानंतर विजेचा वापर वाढत गेला होता, एवढंच. तोडलेल्या वाहिनीतली वीज शेजारच्या वाहिन्यांवर पडली आणि त्याही एकापाठोपाठ एक तुटल्या. काही मिनिटांत न्यूयॉर्कसह कॅनडा-अमेरिकेतले सुमारे ३ कोटी लोक अंधारात!

आणि आपल्याकडे? ३० जुलै २०१२. पहाटेचे अडीच वाजून गेले होते. मध्य प्रदेशातली बीना ते ग्वाल्हेर ही ४ लाख व्होल्टची वाहिनी आधीच ओझ्याखाली वाकली होती. इतर काही वाहिन्या कामासाठी बंद होत्या आणि उत्तरेतली राज्यं भरपूर वीज ओढत होती. प्रवाह वाढलेला, दाब उतरलेला. दुसऱ्या पहारेकऱ्याला वाटलं, लांब कुठंतरी दोष आहे. त्यानं वाहिनी तोडली. नंतर चौकशी समितीला आढळलं, की त्या वाहिनीत दोष नव्हताच. पण तोवर उत्तर भारताचं सगळं जाळं कोसळलं होतं. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तेच, आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी. जिथं वीज गेली त्या भागात ६० कोटींहून जास्त माणसं राहत होती. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या. कोळशाच्या खाणींत खाली गेलेले कामगार तासन्तास अडकून पडले आणि नंतर सुखरूप वर आले. आपला महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात आहे. ते जाळं वेगळं होऊन वाचलं.

सगळा दोष रिलेचाच होता असं नाही. ओझं फार झालं होतं आणि ते वेळेवर कमी केलं गेलं नव्हतं. पण शेवटची काडी पडली ती मात्र त्या चुकीच्या हुकुमानं.

व्हरांड्यातला खेळ

मग गर्दी आणि दोष यांतला फरक ओळखणारा पहारेकरी आहे का? आहे! तोच आपला तिसरा. तो दाबाकडे बघतच नाही. फक्त प्रवाह बघतो, पण दोन्ही टोकांना. आणि विचारतो, "इकडून गेला तेवढा तिकडे पोहोचला का?"

सोमवारी मी वर्गाला व्हरांड्यात नेलं. आमच्या व्हरांड्याला एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आहे. व्हरांडा ही आमची वाहिनी. एका टोकाला एक मुलगी आत येणाऱ्यांना मोजायला, दुसऱ्या टोकाला एक मुलगा बाहेर पडणाऱ्यांना मोजायला. मध्ये एका उंच मुलाला उभं केलं. तो पहिला पहारेकरी. "खूप गर्दी दिसली, की 'दोष' म्हणून ओरड," असं त्याला सांगितलं.

पहिला डाव. वीस मुलं आत गेली, वीस बाहेर पडली. सगळं ठीक.

दुसरा डाव. मधेच एक पठ्ठ्या कठड्यावरून उडी मारून पसार! वीस आत, एकोणीस बाहेर. मोजणारे दोघंही एकदम ओरडले, "दोष!" आमचा उंच पहारेकरी मात्र गप्पच. एकजण कमी झालेला त्याला गर्दीत कळलाच नाही.

तिसरा डाव. तिसरी, चौथी, पाचवी, सगळे एकदम! साठ मुलं धडाधडा पळत सुटली. उंच पहारेकरी घाबरून ओरडला, "दोष, दोष!" पण दोन्ही टोकांचे मोजणारे शांत. साठ आत, साठ बाहेर.

चौथा डाव आम्ही ठरवलाच नव्हता. पलीकडे नळावर दोन मुलांची बाचाबाची झाली आणि ती बघायला सगळे व्हरांड्यातून तिकडे धावले. गडबड तर होती, पण मोजणाऱ्यांचा हिशेब जुळला. म्हणजे दोष आहे, पण आपल्या वाहिनीच्या बाहेर. तो तोडणं आपलं काम नाही!

खऱ्या वाहिनीत दोष झाला, की बहुतेक वेळा याहूनही मोठी गंमत होते. दोन्ही टोकांकडून प्रवाह दोषाकडेच धावतो. जणू दोन्ही दारांतून मुलं आतच येतायत आणि बाहेर कुणीच पडत नाही. मग तर शंकाच नको.

या हिशेबामागचा नियम फार जुना आहे. १८४५ साली गुस्ताव किरखॉफ नावाच्या २१ वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्यानं तो मांडला. एखाद्या जोडावर जेवढा प्रवाह येतो, तेवढाच तिथून बाहेर पडतो. वाटेत साठत नाही की हरवत नाही. वाचायला किती सोपं! पण १९०४ साली चार्ल्स मर्झ आणि बर्नार्ड प्राइस या इंग्लंडातल्या दोन इंजिनियरांनी याच सोप्या गोष्टीवर तारांचं रक्षण करणारी पद्धत शोधली. आजचे रिले छोट्या संगणकासारखे झालेत, पण प्रश्न तोच विचारतात.

दोन टोकांचं बोलणं

तुमच्या मनात एक शंका आली असेल. शंभर किलोमीटरवरच्या दोन टोकांनी एकमेकांना हिशेब सांगायचा कसा?

पूर्वी त्यासाठी वेगळी तार ओढत. आता मनोऱ्याच्या अगदी टोकावरची बारीक तार बघा. ती विजेच्या कडकडाटापासून खालच्या तारांना वाचवते. पुष्कळ ठिकाणी हिच्याच पोटात केसासारखे काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाशाच्या लुकलुकण्यानं निरोप धावतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरला अर्धा मिलिसेकंद फक्त!

पण तेवढ्यानं भागत नाही. आमच्या खेळात पाचव्या डावाला मोजणारा मुलगा बुटाची नाडी बांधत बसला आणि दोन मुलं गेल्यावर मोजू लागला. झाला की हिशेब चूक! दोष नसताना 'दोष' म्हणून ओरडला. रिलेचंही तसंच असतं. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, म्हणजे एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. दोन टोकांच्या घड्याळांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला, तरी हिशेब बिघडतो. म्हणून दोन्ही टोकांची वेळ तंतोतंत जुळवून घ्यावी लागते. काही ठिकाणी त्यासाठी थेट उपग्रहाची मदत घेतात.

थोडी सूटही द्यावी लागते. सीटीची नक्कल अगदी बिनचूक नसते आणि लांब वाहिनी स्वतःसाठीही थोडा प्रवाह घेते. म्हणून प्रवाह जेवढा मोठा, तेवढा जास्त फरक चालवून घ्यायचा, असं रिलेला शिकवलेलं असतं. साठ मुलांच्या झुंबडीत मोजताना एखादं चुकलं तर आपण रागावतो का?

मग हा तिसरा सगळ्यांत शहाणा आणि बाकीचे दोघे कुचकामी? छे! निरोपाची वाट तुटली, की तिसरा आंधळा होतो. शिवाय तो आपल्या वाहिनीपुरतंच पाहतो. शेजाऱ्याच्या मदतीला जाणं त्याच्या स्वभावात नाही. तिथं दुसराच लागतो. म्हणून मोठ्या वाहिन्यांवर एकापेक्षा जास्त रिले ठेवतात. मामा म्हणाले, "उपकेंद्रात आम्ही कुणा एकाच्या भरवशावर कधीच राहिलो नाही."

पण हा तुमचा अंगरक्षक नाही!

आता जे सांगते ते नीट वाचा आणि आईबाबांनाही वाचून दाखवा.

रिले तारांचं आणि जाळ्याचं रक्षण करतो. तुमचं नाही. गावातल्या खांबावरची तार तुटून कोरड्या खडकाळ जमिनीवर किंवा डांबरी रस्त्यावर पडली, तर जमिनीत फार थोडा प्रवाह जातो. गावातल्या तारांवर बहुधा पहिलाच पहारेकरी असतो. त्याला वाटतं, कुणाचा तरी पंखा चालू आहे! तार जिवंतच राहते. म्हणून पडलेली तार मेलेली आहे असं कधीही समजू नका. लांब राहा, इतरांना लांब ठेवा, मोठ्यांना सांगा. मोठ्यांनी १९१२ या क्रमांकावर कळवावं. तुम्ही तारेजवळच सापडलात, तर ढांगा टाकू नका. दोन्ही पाय जवळ ठेवून घसटत घसटत लांब जा. आणि उच्चदाब वाहिनीच्या आसपास पतंग उडवायचा नाही. ओल्या मांज्यातूनही वीज उतरते. ४ लाख व्होल्टला तर स्पर्शाचीही गरज नसते. जवळ गेलं, की ती हवेतून उडी मारते.

मात्र तिसऱ्या पहारेकऱ्याचा एक छोटा भाऊ तुमच्या घरात राहू शकतो, आणि तो खरोखर तुमचा अंगरक्षक आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. बरेच लोक अजून ईएलसीबी म्हणतात. फ्यूज किंवा एमसीबी विचारतात "किती?" माणसाला शॉक बसतो तेव्हा अंगातून जाणारा प्रवाह एका बल्बच्या प्रवाहापेक्षाही कमी असू शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. हा विचारतो, "फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का?" घरांत वापरतात तो साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसताच वीज तोडतो. बल्बच्या प्रवाहाच्याही कितीतरी कमी!

आईबाबांना विचारा, आपल्या बोर्डावर हा आहे का? नसेल तर जाणकार वायरमनकडून बसवून घ्या म्हणावं. असेल तर त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा मोठ्यांनी ते दाबून पाहायचं. खटकन वीज गेली, तर पहारेकरी जागा आहे. नाही गेली, तर तो लगेच बदलायचा.

मंगळवारी आमची ती चुणचुणीत मुलगी शाळेत आली तीच सांगत, "बाई, आमच्या घरी बटण दाबलं, तर काहीच झालं नाही!" त्याच आठवड्यात तिच्या बाबांनी नवीन आरसीसीबी बसवून घेतला.

दिव्यानं डोळा मिचकावला म्हणून तिनं विचारलं. विचारलं म्हणून कळलं. आता तुमच्या घरचं बटण दाबून पाहायला कधी सांगताय?